हाडांची तिजोरी आणि जबड्याची जखम



विक्रोळी म्हटले की तुम्हांला काय आठवते? घरात जुने लोखंडी कपाट असेल, तर त्याच्या दारावरचे गोदरेजचे नाव आठवेल. या उद्योगाची सुरुवात १८९७ साली मुंबईत लालबागला झाली, ती कुलपांपासून. मग तिजोऱ्या आल्या, कपाटे आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास कारखाना विक्रोळीला आला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या तयार झाल्या, त्या याच विक्रोळीत.

कुलूप आणि तिजोरी यांची ही ओळख आज आपल्याला एका निराळ्याच विषयासाठी उपयोगी पडणार आहे. तुमच्या शरीरातही एक तिजोरी आहे. ती म्हणजे तुमचा हाडांचा सांगाडा. उतारवयात या तिजोरीतला ठेवा घटू लागला, की डॉक्टर तिला कुलूप लावणारे औषध देतात. औषध गुणकारी आहे. पण ते घेणाऱ्या माणसाचा एखादा दात काढावा लागला, तर क्वचित एक विलक्षण अडचण उभी राहते. जबड्याची जखम भरतच नाही!

असे का होते? ते टाळता येते का? आणि शाळेत शिकणाऱ्या तुमचा या साऱ्याशी संबंध काय? क्रमाने पाहू या.

देवघेव चालूच

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्याचे शंभर भाग केले, तर नव्व्याण्णव भाग हाडांत आणि दातांत असतात. उरलेला एकच भाग रक्तात आणि इतर पेशींत असतो. पण त्या एका भागावाचून हृदयाचा ठोका पडणार नाही, स्नायू आखडणार नाहीत, रक्त गोठणार नाही. म्हणून रक्तात कॅल्शियम कमी पडू लागले, की शरीर हाडांची तिजोरी उघडते आणि हवे तेवढे काढून घेते. पुढे अन्नातून कॅल्शियम मिळाले, की ते परत तिजोरीत ठेवले जाते.

हे काम करतात दोन प्रकारच्या पेशी. घर बांधताना बेलदार दगड फोडतो आणि गवंडी भिंत रचतो ना? तसेच येथे आहे. ऑस्टिओक्लास्ट या पेशी म्हणजे हाडांतील बेलदार. त्या हाडाला चिकटतात, आम्ल सोडतात आणि तेथील खनिज विरघळवून लहानसा खड्डा करतात. मग ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी, म्हणजे गवंडी, येतात आणि तो खड्डा नव्या हाडाने भरून काढतात. खड्डा खणायला दोन-तीन आठवडे पुरतात. भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. पाडणे सोपे आणि बांधणे कठीण, हा नियम हाडांतही खरा आहे.

ही मोडतोड वाईट मात्र नव्हे. रोजच्या चालण्या-धावण्याने हाडात बारीक तडे जातात. तडा गेलेला भाग काढून तेथे नवे हाड घालणे हीच त्याची दुरुस्ती. प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलला जातो. म्हणजे दहा-एक वर्षांपूर्वीचे तुमच्या वडिलांचे हाड आणि आजचे हाड आकाराने तेच असले, तरी त्यातला माल बहुतांशी नवा आहे!

ठेवा घटतो तेव्हा

विशी-तिशीपर्यंत गवंडी पुढे असतात. नंतर हळूहळू बेलदार वरचढ होतात. स्त्रियांच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक बेलदारांना आवर घालत असते. पन्नाशीच्या आसपास मासिक पाळी थांबली, की इस्ट्रोजेन कमी होते आणि बेलदार मोकाट सुटतात. हाड आतून विरळ होत जाते. बाहेरचा आकार तोच, पण आत नुसती जाळी! या स्थितीला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मराठीत आपण तिला अस्थिसुषिरता म्हणतो. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्रे असलेले.

हा रोग दुखत नाही, खुपत नाही. तो कळतो तो पडल्यावर. विक्रोळीतच पाहा. १९६० आणि १९७० च्या दशकांत तरुणपणी कन्नमवार नगर आणि टागोर नगर या वसाहतींत राहायला आलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे. जुन्या बिनलिफ्टच्या इमारतींचे जिने, पार्कसाइटच्या टेकडीवरचे चढ, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या. तरुण माणूस घसरला तर गुडघा फुटतो. अस्थिसुषिरता झालेली आजी घसरली तर मनगट, मणका किंवा खुब्याचे हाड मोडते. यांत खुबा मोडणे सर्वांत वाईट. त्यातून अंथरुणाला खिळलेली वृद्ध व्यक्ती पुन्हा पूर्वीसारखी हिंडू-फिरू शकेलच असे नसते. खुबा मोडलेल्यांपैकी निदान पाचांतील एक जण वर्षाच्या आत दगावतो, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे.

तेव्हा तिजोरीला कुलूप हवे, यात शंका नाही. ते कोठून आले, ही कथा मोठी मजेची आहे.

बंबातील थर आणि हाडाचे कुलूप

बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही आणि पाणी तापवण्याच्या बंबात पांढरा थर साचतो, हे तुम्ही पाहिले असेल. पाण्यातील कॅल्शियमचे क्षार हे त्याचे कारण. एका साखळीत अनेक फॉस्फेट जोडलेली संयुगे अगदी थोडी जरी पाण्यात टाकली, तरी क्षारांचे स्फटिक वाढत नाहीत आणि थर बसत नाही. साबण व धुलाईच्या धंद्यातील लोकांना ही गोष्ट ठाऊक होती.

१९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लाइश या शास्त्रज्ञाला प्रश्न पडला, की आपल्या रक्तात आणि लघवीत इतके कॅल्शियम आणि फॉस्फेट असूनही सगळीकडे चुना का साचत नाही? त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना आढळले, की शरीरातही तशाच जातीचे एक संयुग असते. त्याचे नाव पायरोफॉस्फेट. त्यात फॉस्फरसचे दोन अणू मध्ये ऑक्सिजनचा एक अणू धरून जोडलेले असतात. मग हेच औषध म्हणून द्यावे का? पण पोटात घेतलेले पायरोफॉस्फेट विकरांमुळे लगेच तुटते.

यावर तोड निघाली. मधला ऑक्सिजन काढून तेथे कार्बनचा अणू बसवला. हा जोड विकरांना तोडता येत नाही. अशा संयुगांना बिस्फॉस्फोनेट म्हणतात. फ्लाइश, ग्रॅहॅम रसेल आणि साबण बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीतील रसायनज्ञ फ्रान्सिस यांनी १९६९ साली दाखवून दिले, की ही संयुगे हाडाची झीज रोखतात. धुलाईघरातला विचार असा हाडांच्या दवाखान्यात पोचला!

बिस्फॉस्फोनेट हाडातील खनिजाला घट्ट चिकटून बसते. बेलदार पेशी ते हाड विरघळवू लागली, की खनिजाबरोबर औषधही तिच्या पोटात जाते. तेथे ते पेशीला आवश्यक असलेले एक विकर बंद पाडते आणि पेशी निकामी होते. चोराने कडी उचकटावी आणि कडीनेच त्याचा हात धरावा, तसा हा प्रकार. या गटातील अ‍ॅलेन्ड्रोनेट हे औषध १९९५ साली अमेरिकेत अस्थिसुषिरतेसाठी मान्य झाले. १९९६ साली तेथील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मणका आधी मोडलेल्या २,०२७ स्त्रिया त्या चाचणीत होत्या. त्यांपैकी ज्यांना हे औषध मिळाले, त्यांच्यात खुबा मोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले.

आज ही औषधे तीन रूपांत भेटतात. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी हे एक रूप. ती सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम करते. दुसरे रूप झोलेड्रॉनिक आम्लाचे. ते वर्षातून एकदा सलाईनसारखे शिरेतून देतात. तिसरे औषध डेनोसुमॅब. ते बिस्फॉस्फोनेट नव्हे, ती प्रयोगशाळेत तयार केलेली एक प्रतिपिंड आहे. ती बेलदार पेशी तयारच होऊ देत नाही. तिचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते.

पण जबडाच का?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तिजोरीला कुलूप लागले, ठेवा वाचला. पण घरात दुरुस्ती निघाली आणि त्याच तिजोरीतून सामान काढायचे असेल तर?

दात काढला की जबड्याच्या हाडात एक उघडा खळगा राहतो. तो भरायचा तर आधी खळग्याच्या कडेचे दुखावलेले हाड बेलदारांनी काढून टाकले पाहिजे. मगच गवंडी नवे हाड घालतील. बेलदार कामावर नसतील, तर दुखावलेले हाड तेथेच राहते. त्यावर हिरडी चढत नाही. तोंडातील जंतू त्यात शिरतात आणि तेवढा हाडाचा तुकडा मृत होतो.

मग हात-पाय सोडून हे जबड्यातच का घडावे? याची चार कारणे ध्यानात ठेवा.

पहिले, दातांना धरून ठेवणारे जबड्याचे हाड शरीरातील इतर अनेक हाडांपेक्षा फार झपाट्याने बदलत असते. चघळण्याचा ताण त्यावर रोज पडतो. जेथे बदल जास्त, तेथे औषधही जास्त साचते.

दुसरे, शरीरात इतरत्र हाड कातडी, चरबी आणि स्नायू यांच्या जाड पांघरुणाखाली असते. जबड्यावर हिरडीचे पातळ आवरण तेवढे असते.

तिसरे, दात हा त्या आवरणाला भेदून बाहेर आलेला असतो. किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी म्हणजे बाहेरच्या जंतूंना थेट हाडापर्यंत जायची वाटच.

चौथे, तोंड कधीच निर्जंतुक नसते. हाताच्या जखमेला पट्टी बांधता येते. तोंडातल्या जखमेवरून रोज भाकरी आणि भात जातो.

वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात हा त्रास जास्त दिसतो. हिरडीतून उघडे पडलेले हाड आठ आठवडे झाले तरी झाकले गेले नाही, रुग्ण अशी औषधे घेत असला किंवा त्याने पूर्वी घेतली असली आणि त्याच्या जबड्याला किरणोपचार दिलेले नसले, तर डॉक्टर या विकाराचे निदान करतात. त्याला औषधजन्य जबड्याचा अस्थिमृत्यू असे म्हणता येईल.

काडेपेटीने दिलेला धडा

मरणाऱ्या जबड्याची ही गोष्ट वैद्यकाला अगदीच नवी नव्हती. दीडशे वर्षांपूर्वी ती वेगळ्या कारणाने घडली होती. ते कारण तुमच्या घरातील काडेपेटीशी संबंधित आहे.

१८३० नंतर युरोपात आगकाड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस घालू लागले. काडी कोठेही घासली तरी पेटे. पण कारखान्यात गुल लावणाऱ्या कामगारांच्या श्वासात पांढऱ्या फॉस्फरसची वाफ जाई. काही वर्षांनी त्यांपैकी काहींचे दात दुखू लागत, जबडा सुजे, पू वाहू लागे आणि हाडाचे तुकडे निखळत. १८४५ साली व्हिएन्नामध्ये लोरिन्झर या डॉक्टरने अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ज्यांचे दात आधीच किडलेले होते, त्यांना धोका अधिक, ही गोष्टही डॉक्टरांच्या ध्यानात आली.

१८८८ च्या जुलैत लंडनमधील ब्रायंट अँड मे या काडेपेटी कारखान्यातील सुमारे १,४०० कामगारांनी संप केला. त्यांत बहुसंख्य मुली आणि स्त्रिया होत्या. त्यांच्या हालअपेष्टांवर लेख लिहिणारी बाई कोण होती, ठाऊक आहे? अ‍ॅनी बेझंट! याच बाई १८९३ साली हिंदुस्थानात आल्या, त्यांनी होमरूलची चळवळ उभारली आणि १९१७ साली त्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. संपानंतर मिळालेल्या गोष्टींपैकी एक होती जेवणाची वेगळी खोली. कामाच्या जागी जेवले की फॉस्फरस भाकरीबरोबर पोटात जाई, म्हणून ही मागणी.

पुढे ब्रिटनमध्ये शतक संपता संपता या कारखान्यांसाठी नियम झाले. कामगाराचे दात दंतवैद्याने तपासायचे. दात काढला असेल, तर जखम भरल्याचे दंतवैद्याने सांगेपर्यंत त्याला फॉस्फरसच्या कामावर घ्यायचे नाही. हे नियम नीट वाचा. त्यांचा आपल्याला पुन्हा उपयोग होणार आहे.

अखेर १९०६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पांढऱ्या फॉस्फरसच्या काडेपेट्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे १९१३ साली तसा कायदा झाला. त्यामुळे १९२३ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, अंबरनाथला काडेपेट्या बनवू लागली, तेव्हा ते विष आपल्या देशात आधीच हद्दपार झालेले होते. विक्रोळीहून त्याच मध्य रेल्वेने कल्याणच्या पुढे गेले की अंबरनाथ लागते. आज काडेपेटीच्या कडेला जो तपकिरी पट्टा असतो, त्यात तांबडा फॉस्फरस असतो. तो जबड्याला असा अपाय करीत नाही.

जबड्याचा तो रोग पुस्तकांच्या पानांत राहिला. आणि २००३ साली अमेरिकेतील मायामी येथील मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. जबड्याचे हाड उघडे पडलेले, जखम भरत नाही. फॉस्फरसच्या कारखान्यात त्यांपैकी कोणी काम केले नव्हते. पण सर्वांना बिस्फॉस्फोनेटची औषधे मिळालेली होती. शतकापूर्वीचे चित्र पुन्हा समोर उभे राहिले होते.

आकडे नीट वाचा

हे वाचून तुम्ही घाबरला असाल आणि घरी जाऊन "आजी, त्या गोळ्या फेकून दे!" असे सांगणार असाल, तर थांबा. विज्ञानाचा विद्यार्थी आधी आकडे पाहतो.

२००३ च्या रुग्णांपैकी बहुतेक कर्करोगाचे होते. हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी झोलेड्रॉनिक आम्ल साधारणपणे दर तीन-चार आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम देत. वर्षात हे तेरा वेळा दिले, तर किती झाले? ५२ मिलिग्रॅम. अस्थिसुषिरतेसाठी वर्षातून एकदाच ५ मिलिग्रॅम देतात. म्हणजे दोहोंत दहा पटींचे अंतर आहे! औषध एकच असले, तरी धोका एकच नसतो.

कर्करोगासाठी अशी मोठी मात्रा घेणाऱ्यांत शंभरांत पाचांहून कमी जणांना हा विकार होतो. अस्थिसुषिरतेसाठी गोळ्या घेणाऱ्यांत तो दहा हजारांत सुमारे दोन ते पाच जणांना होतो. आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात मोडलेला खुबा ठेवून पाहा. ज्या आजीची हाडे खरोखरच ठिसूळ झाली आहेत, तिला औषधाने होणारा फायदा या धोक्याहून कितीतरी मोठा आहे.

शिवाय घाबरून औषध मध्येच सोडल्याने जबडा सुरक्षित होतो असेही नाही. बिस्फॉस्फोनेट हाडात चिकटलेले असते. गोळी बंद केल्यावरही ते वर्षानुवर्षे तेथे राहते. डेनोसुमॅबचे उलटे. त्याचा अंमल सहा-सात महिन्यांत उतरतो. पण ते अचानक थांबवले, तर आवरून धरलेले बेलदार एकदम जोरात कामाला लागतात आणि पाठीचे मणके मोडू शकतात. म्हणून औषध चालू ठेवायचे, पुढे ढकलायचे की बदलायचे, हा निर्णय डॉक्टरांचा. आजीचा नव्हे, शेजारणीचा नव्हे आणि तुमचाही नव्हे.

आधी दात, मग औषध

मग करायचे काय? काडेपेटीच्या कारखान्यातील तो नियम आठवा. दात तपासून मगच फॉस्फरसजवळ जाऊ द्यायचे. आजचा सल्लाही नेमका तोच आहे. औषध सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याकडे जावे. जे दात काढण्याशिवाय गत्यंतर नाही ते आधीच काढून घ्यावेत आणि जखम भरू द्यावी. किडलेले दात भरून घ्यावेत, दातांवरचे कीट साफ करून घ्यावे. कवळी टोचत असेल तर ती नीट करून घ्यावी, कारण कवळीने हिरडी घासून झालेल्या व्रणातूनही हाड उघडे पडू शकते.

औषध आधीच सुरू झाले असेल तर? तरीही दंतवैद्याकडे जायचेच. दात भरणे, कीट काढणे, रूट कॅनाल करणे ही कामे नेहमीप्रमाणे होऊ शकतात. जो दात रूट कॅनालने वाचेल तो वाचवणे बरे, कारण मग हाडाला जखम होत नाही. दात काढावाच लागला, तर तोही काढता येतो. दंतवैद्य हाडाला कमीत कमी धक्का लावतात, टोके गुळगुळीत करतात, जंतुनाशक चूळ देतात आणि खळगा भरेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासतात. डेनोसुमॅब चालू असेल, तर दोन इंजेक्शनांमधला योग्य काळ दंतवैद्य आणि डॉक्टर मिळून ठरवतात. सडलेला दात भीतीपोटी तोंडात तसाच ठेवणे हे मात्र सर्वांत वाईट. त्याचा पूच हाडाला मारतो.

मधुमेह ताब्यात नसणे, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असणे आणि तंबाखू यांनी धोका वाढतो. आपल्याकडे कित्येक आज्या अजून मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात घट्ट होतात हा समज चुकीचा आहे. ती हिरड्या बिघडवते आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देते. त्याऐवजी मऊ ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट, दोन वेळा. एवढे पुरे.

दोन डॉक्टरांमधला दुवा

आता तुमचा संबंध कोठे येतो ते पाहा. पुष्कळदा दवाखान्यात असा संवाद होतो :

"आजी, कुठल्या गोळ्या चालू आहेत तुम्हांला?"

"विशेष काही नाही हो डॉक्टर. एक बीपीची, आणि ती कॅल्शियमची."

आजी खोटे बोलत नाही. तिच्या लेखी हाडाची प्रत्येक गोळी ही कॅल्शियमचीच गोळी. रविवारी सकाळी एकदाच घ्यायची गोळी ती 'चालू' औषधांत धरतच नाही. आणि गेल्या दिवाळीत दवाखान्यात चढवलेले 'ताकदीचे सलाईन' तर ती विसरूनही गेलेली असते. इकडे हाडांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलेले नसते, तिकडे दंतवैद्याला हाडांच्या औषधाची खबर नसते. धोका औषधाचा जितका, तितकाच या न बोललेल्या एका वाक्याचा आहे.

हे वाक्य तुम्ही बोलू शकता. आजी-आजोबांसाठी एक कार्ड करा. त्यावर या पाच गोष्टी लिहा :

१. रोज घ्यायच्या सर्व औषधांची नावे, वेष्टनावरून पाहून.
२. आठवड्याने किंवा महिन्याने घ्यायच्या गोळीचे नाव आणि ती केव्हा सुरू झाली.
३. वर्षाने किंवा सहा महिन्यांनी घेतलेले सलाईन अथवा इंजेक्शन, त्याचे नाव आणि शेवटची तारीख.
४. मधुमेह, स्टिरॉइड, पूर्वीचा कर्करोग किंवा किरणोपचार.
५. शेवटचा दात केव्हा काढला आणि जखम भरली का.

हे कार्ड दंतवैद्याला दाखवा आणि हाडांच्या डॉक्टरांनाही दाखवा. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबईत सरकारी सोय आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे.

आणि काही खुणा लक्षात ठेवा. दात काढल्यावर काही आठवड्यांनीही जखम उघडी दिसणे, जिभेला टोकदार, खरखरीत हाड लागणे, हिरडीतून पू, दात एकाएकी हलू लागणे, खालचा ओठ बधिर होणे. यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नका. लवकर कळले तर पुष्कळदा जंतुनाशक चूळ, औषधे आणि स्वच्छता यांवर भागते. उशीर झाला तर मेलेले हाड शस्त्रक्रियेने काढावे लागते.

करून पाहा

कोंबडीच्या तंगडीचे एक हाड स्वच्छ करून काचेच्या बरणीत ठेवा आणि ते बुडेल इतका व्हिनेगर ओता. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्याभराने हाड बाहेर काढून धुवा आणि वाकवून पाहा. ते रबरासारखे वाकेल! आम्लाने खनिज विरघळले आणि कोलॅजेन हे लवचीक प्रथिन उरले. बेलदार पेशी आम्ल सोडून जे करते, तेच तुम्ही बरणीत केले. फरक इतकाच, की ती पुढे ते प्रथिनही पचवून टाकते.

शिक्षकांनी हा प्रयोग २० ऑक्टोबरच्या सुमारास वर्गात ठेवावा. तो दिवस जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन म्हणून पाळला जातो. त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांकडून घरोघरची कार्डे भरून घ्यावीत. वर्गात चाळीस मुले असली, तर चाळीस घरांतली औषधांची यादी प्रथमच एका कागदावर येईल.

आणि मित्रांनो, एक हिशेब तुमच्यासाठीही. तुमची तिजोरी आज भरण्याच्या काळात आहे. दूध, दही, नाचणीची भाकरी, तीळ, उन्हातले खेळ आणि रोजची धावपळ, हा तिचा भरणा. विशी-तिशीपर्यंत जेवढे ठेवाल, त्यावर पुढची पन्नास वर्षे काढायची आहेत. दातांचेही तसेच. जो दात आज किडण्यापासून वाचवाल, तो उतारवयात काढण्याची पाळीच येणार नाही.